परदेशातील परिचर्या-शिक्षण आणि नोंदवहीचा प्रश्न

मुलीला नर्स करायचे आणि त्यासाठी परदेशी पाठवायचे, हा विचार आता मोठ्या शहरांपुरता राहिलेला नाही. जर्मनी, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया ही नावे जाहिरातींतून आणि मोबाइलवरून जव्हारच्या पेठेत व मोखाड्याच्या पाड्यांपर्यंत पोहोचली आहेत. पालक साहजिकच विचारतात : खर्च किती येईल, पगार किती मिळेल, मुलगी राहील कोठे? प्रश्न रास्तच आहेत. परंतु या विषयाचा गेल्या पाऊणशे-शंभर वर्षांचा इतिहास पाहिला तर असे दिसते की, परदेशी गेलेल्या पुष्कळ मुलींचे नुकसान झाले ते एक चौथा प्रश्न कोणी विचारला नाही म्हणून. शिक्षण पुरे झाल्यावर मुलीचे नाव कोणत्या नोंदवहीत चढणार, आणि त्या वहीला आपल्या देशात किंमत आहे काय?

आधुनिक परिचर्येची जननी म्हणून जिचे नाव घेतले जाते, ती फ्लॉरेन्स नाइटिंगेल स्वतःच परदेशी विद्यार्थिनी होती, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते. इंग्लंडात त्या काळी भल्या घरच्या मुलीने रुग्णालयात काम करणे म्हणजे घराण्याची अब्रू घालविणे मानीत. तिने १८५१ साली जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठच्या कैसरवर्थ येथे पाद्री फ्लीडनर यांच्या संस्थेत सुमारे तीन महिने राहून शिक्षण घेतले. पुढे १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात तिच्या नावाची शाळा निघाली, आणि तेथे शिकण्यासाठी बाहेरदेशीच्या मुली येऊ लागल्या. स्वीडनची एमी रापे ही त्यांपैकी एक. थोडक्यात, परदेशी जाऊन शिकणे ही या पेशाची जन्मापासूनची रीत आहे.

त्या वेळी मात्र नोंदवही नव्हती. शाळेच्या मेट्रनने दिलेले प्रशस्तिपत्र हेच सर्वस्व. इंग्लंडात सरकारी नोंदवही असावी म्हणून बेडफर्ड फेनविक या बाईंनी १८८७ पासून चळवळ चालविली, आणि गंमत अशी की तिला विरोध करणाऱ्यांत खुद्द नाइटिंगेलबाई होत्या. चांगली परिचारिका परीक्षेने आणि यादीने ठरत नाही, असे त्यांचे मत. मतात तथ्य आहे, पण ते आपल्या गावात ओळख असणाऱ्या मुलीपुरते. जिला कोणी ओळखत नाही अशा मुलुखात जी मुलगी उभी राहते, तिला कागदाशिवाय कोण विचारतो? न्यूझीलंडने १९०१ साली कायदा करून या बाबतीत साऱ्या जगाला मागे टाकले. इंग्लंडात कायदा होण्यास १९१९ साल उजाडले, आणि वही उघडली तेव्हा पहिले नाव फेनविकबाईंचे लागले.

आपल्याकडचा एक दाखला डॉक्टरकीतला आहे, परंतु मुद्दा तोच असल्याने येथे देतो. डॉ. रखमाबाईंचे नाव त्यांच्या बालविवाहाच्या खटल्यामुळे सर्वांस ठाऊक आहे. त्या १८८९ साली इंग्लंडला गेल्या व लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यक विद्यालयात शिकल्या. त्या विद्यालयाला स्वतःची पदवी देण्याचा अधिकार नव्हता. म्हणून शिक्षण लंडनात, पण परीक्षा स्कॉटलंडमधील वैद्यक संस्थांची, असा द्राविडी प्राणायाम करून १८९४ मध्ये त्या नोंदणीस पात्र ठरल्या. परत येऊन सुरतेस व राजकोटास त्यांनी अनेक वर्षे स्त्रियांच्या रुग्णालयांत सेवा केली. ही सेवा त्यांना करता आली, कारण शाळा कोणती आणि सनद कोणाची, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांनी वेळीच ओळखले होते.

मुंबई इलाख्यात परिचर्येचे शिक्षण कामा रुग्णालयासारख्या ठिकाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने मुलींना ससून रुग्णालयात शिकण्यास पाठविले, तेव्हा केवढा गहजब झाला! परक्या पुरुषांची शुश्रूषा, रात्रपाळी, सोवळे-ओवळे, सगळे आक्षेप निघाले. आमच्या समाजातही ते निघाले, आणि काही घरांत आजही निघतात. मुंबई इलाख्याचा परिचारिका नोंदणी कायदा १९३५ चा. पण प्रत्येक प्रांताची वही निराळी आणि शिक्षणाचे मानही निराळे. भोर समितीने १९४६ साली हिशेब मांडला तेव्हा त्रेचाळीस हजार माणसांमागे एक परिचारिका असे प्रमाण निघाले. देशभर शिक्षणाचे एकच मान असावे म्हणून १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला, आणि परदेशातील कोणती सनद येथे चालेल हा प्रश्नही त्या परिषदेच्या कक्षेत आला. महाराष्ट्राचा स्वतःचा परिचारिका कायदा १९६६ चा आहे.

आता या इतिहासातील सर्वांत कडू प्रकरणाकडे येऊ. इंग्लंडात १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. रुग्णालये वाढली, पण हात कमी पडले. तेव्हा वेस्ट इंडीज, आयर्लंड, मलाया, मॉरिशस, हिंदुस्थान अशा मुलुखांतून मुली विद्यार्थिनी म्हणून येऊ लागल्या. शिकता शिकता वॉर्डात काम करावयाचे, त्याचा थोडा पगार मिळायचा व राहण्यास वसतिगृह. गरीब घरच्या मुलीला याहून मोठी संधी कोणती? परंतु इंग्लंडात तोपर्यंत नोंदीच्या दोन पायऱ्या झाल्या होत्या. तीन वर्षांचे शिक्षण घेऊन रजिस्टरमध्ये नाव चढले तर ती 'स्टेट रजिस्टर्ड नर्स'. १९४३ च्या कायद्याने दुसरी यादी निघाली होती, ती दोन वर्षांच्या शिक्षणाची. त्या यादीतील बाईला पुढे 'स्टेट एनरोल्ड नर्स' म्हणू लागले. काम पाहू जाता दोघींचे हात सारखेच राबत. पण एनरोल्ड बाईला बढतीची वाट जवळजवळ बंद, सिस्टरची जागा मिळावयाची नाही.

समुद्रापलीकडून आलेल्या पुष्कळ मुलींना या दुसऱ्या शिक्षणक्रमात घातले गेले, आणि फरक काय तो सांगण्याची तसदी अनेक ठिकाणी कोणी घेतली नाही. कित्येकींना तो दोन वर्षांनी, सनद हाती पडल्यावर कळला. वृद्धांची व मानसिक रुग्णांची रुग्णालये, जेथे काम करण्यास स्थानिक मुली तयार नसत, ती त्यांच्या वाट्याला अधिक आली. घाव मात्र दुहेरी होता. ही दोन वर्षांची सनद बहुतेक मायदेशांत परिचारिकेची सनद म्हणून मान्यच नव्हती. तेथे बढती नाही आणि इकडे परतावे तर नर्स म्हणून नोकरी नाही! ज्या मुली शिकून आपल्या माणसांत परतण्याचा बेत करून गेल्या होत्या, त्यांचा परतीचा रस्ता एका कागदाने तोडला. एनरोल्डचे ते शिक्षण ऐंशीच्या दशकाअखेर इंग्लंडने बंद करण्यास घेतले, तोवर एक पिढी खर्ची पडली होती.

अमेरिकेत रूप थोडे वेगळे. तेथे १९६५ च्या कायद्यानंतर परदेशी परिचारिकांना दार उघडले, पण राज्याचा परवाना मिळविण्यासाठी परीक्षा द्यावी लागे. मोठ्या संख्येने बाया नापास होत व मदतनीस म्हणून कमी पगारावर राबत. म्हणून १९७७ साली निघण्यापूर्वीच त्यांची पात्रता तपासणारे एक मंडळ तेथे स्थापन झाले.

कोणी म्हणेल, हा जुना इतिहास झाला. पण पायऱ्या अजून आहेत, फक्त नावे बदलली. ऑस्ट्रेलियात 'रजिस्टर्ड' नर्सला तीन वर्षांची पदवी लागते, आणि त्याखाली दीड-दोन वर्षांच्या पदविकेची 'एनरोल्ड' नर्स आहे. जर्मनीत २०२० पासून नवा परिचर्या कायदा लागू आहे. त्याखाली तीन वर्षांचा शिक्षणक्रम असून विद्यार्थिनीला शिकताना वेतन मिळते. मात्र आधी जर्मन भाषा चांगली यावी लागते, आणि येथेच बहुतेकांचे वर्ष-दीड वर्ष जाते. त्याखेरीज मदतनिसाचा छोटा शिक्षणक्रमही तेथे आहे, आणि जाहिरातीत दोन्हींचा उल्लेख 'नर्सिंग' एवढाच असू शकतो. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकांचाही समावेश आहे. तेव्हा हा प्रश्न दूरचा राहिलेला नाही.

आणि अशीच दुहेरी पायरी आपल्या घरातही आहे. ए.एन.एम. आणि जी.एन.एम. यांतील फरक किती पालकांना ठाऊक असतो? पाड्यावरच्या उपकेंद्रात लस टोचणारी, बाळंतपणे करणारी ए.एन.एम. ही आपल्या भागाचा आधार आहे, तिची थोरवी कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु परदेशात 'नोंदणीकृत परिचारिका' म्हणून जे धरले जाते ते जी.एन.एम. किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या बाईला. ए.एन.एम. होऊन मग परदेशाचे स्वप्न पाहणाऱ्या मुलीला पुन्हा पहिल्यापासून जिना चढावा लागतो.

जव्हार-मोखाड्याच्या मुली बाहेर गेल्या तर येथल्या रुग्णांनी काय करावे, असाही आक्षेप ऐकू येतो. तो उडवून लावण्याजोगा नाही. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीची बालके १९९२-९३ साली कुपोषणाने दगावली, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला. पालघर जिल्हा २०१४ साली वेगळा झाला, तरी २०२२ च्या ऑगस्टमध्ये मोखाड्यातील मर्कटवाडीच्या एका मातेला डोलीतून रस्त्यापर्यंत आणावे लागले आणि तिची जुळी बाळे गेली. अशा मुलुखात शिकलेली नर्स परत येणे ही चैन नव्हे. पण तिला परत यावेसे वाटले तरी तिची सनद येथे चालली पाहिजे. परदेशात शिकलेल्या मुलीला जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयात नर्स म्हणून उभे राहण्यापूर्वी आपल्या शिक्षणाची समकक्षता मान्य करून घ्यावी लागते व महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदवावे लागते. दोन वर्षांच्या वा मदतनिसाच्या कागदावर ते होणे नाही.

या दृष्टीने पाहता, बारावीनंतर थेट बाहेर जाण्यापेक्षा आधी येथे जी.एन.एम. किंवा बी.एस्सी. करून महाराष्ट्राच्या वहीत नाव घालावे आणि मग परदेशची परीक्षा द्यावी, हा मार्ग लांबचा असला तरी मला अधिक भरवशाचा वाटतो. त्यात मुलीचे नाव दोन्ही वह्यांत राहते. ज्यांना थेटच जावयाचे असेल त्यांनी एजंटाला पैसे देण्यापूर्वी शाळेचे पत्र मागवावे आणि त्यात शिक्षणक्रमाचे संपूर्ण नाव, मुदत आणि शेवटी मिळणारी पदवी किंवा परवाना हे तिन्ही लिहून घ्यावे. ते पत्र आधी महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या कार्यालयात दाखवावे, आणि तेथून होकार मिळाल्यावरच पासपोर्ट काढावयास जावे.