पेट्रोस्यानची शांत बाजी

वजिराचे बलिदान देऊन चार खेळींत मात करणारा बुद्धिबळपटू प्रेक्षकांच्या तत्काळ लक्षात राहतो. प्रतिपक्षाचा हल्ला उभाच राहू न देणारा खेळाडू मात्र बहुधा उपेक्षित राहतो. कारण जे घडलेच नाही, ते पाहणाऱ्याला दिसावे कसे? तिग्रान पेट्रोस्यान या आर्मेनियन ग्रँडमास्टरच्या वाट्याला ही उपेक्षा जगज्जेतेपदाच्या काळातही आली. १९६३ पासून १९६९ पर्यंत तो बुद्धिबळाचा जगज्जेता होता. तरीही त्याचा खेळ नीरस आहे, ही तक्रार त्याची पाठ सोडीत नव्हती.

१७ जून १९२९ रोजी जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसी येथे एका आर्मेनियन कुटुंबात त्याचा जन्म झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आईवडिलांचे छत्र हरपले आणि पोटासाठी या मुलाला रस्ते झाडावे लागले. ऐकण्याची शक्तीही अधू झाली. अशा बालपणाशी पुढील सावध खेळाचा संबंध जोडण्याचा मोह साहजिक आहे. परंतु त्याच्या अभ्यासाचा वाटा अधिक निश्चितपणे सांगता येतो. कापाब्लांका आणि निम्झोविच हे त्याचे आदर्श होते. यांपैकी निम्झोविचची शिकवण अशी, की स्वतःचा बेत पुढे रेटण्यापूर्वी प्रतिपक्षाचा बेत ओळखावा आणि तो अंकुरतानाच खुडावा. पेट्रोस्यानने हे तत्त्व नुसते पाठ केले नाही, तर आपल्या स्वभावात मुरवून घेतले.

या वृत्तीचा सर्वांत बोलका दाखला १९५३ साली स्वित्झर्लंडमध्ये मिळाला. जगज्जेत्याचा आव्हानवीर निवडण्यासाठी नॉयहाउझन व झ्युरिच येथे पंधरा खेळाडूंची स्पर्धा भरली होती. दुसऱ्याच फेरीत पेट्रोस्यानसमोर अमेरिकेचा सॅम्युएल रेशेव्हस्की बसला. चोवीस खेळ्या झाल्या तेव्हा पांढऱ्या मोहऱ्यांची बाजू भक्कम होती. पटाच्या मध्यावर रेशेव्हस्कीची दोन प्यादी एकमेकांच्या आधाराने उभी होती. त्यांतील पुढचे प्यादे आणखी एक घर सरकले, की काळ्याची फळी फुटणार होती. त्याच्या पाठीशी दोन हत्ती एकामागे एक आणण्याचा बेतही पंचविसाव्या खेळीला पुरा झाला. पेट्रोस्यानची मोहरी मात्र आपापल्या जागी अडकून पडली होती. बचाव करीत राहावे, तर गुदमरून मरण होते.

पेट्रोस्यानने पंचविसाव्या खेळीला आपला हत्ती एक घर पुढे सरकवला आणि तो नेमका त्या प्याद्याच्या तोंडाशी, पांढऱ्या उंटाच्या माऱ्यात नेऊन ठेवला. हत्तीचे मोल पाच प्याद्यांइतके मानतात आणि उंटाचे तीन. मग हा तोट्याचा सौदा कशासाठी? पांढऱ्या उंटाने हत्ती मारताच काळे प्यादे त्या घरात येऊन बसते आणि पांढऱ्या प्याद्याची वाट कायमची बंद होते. शिवाय हत्तीने सोडलेल्या घरातून काळा घोडा पटाच्या मध्यावर पोचतो, जेथून त्याला हुसकावण्यास पांढऱ्याकडे एकही प्यादे उरलेले नसते. पांढऱ्याचा दुसरा उंट तर स्वतःच्याच प्याद्यांमागे कोंडलेला होता. रेशेव्हस्कीने एक खेळी थांबून हत्ती घेतला. पण त्याच्या हत्तींना शिरकाव करण्यास मोकळी वाट उरली नाही. तिसाव्या खेळीला त्यानेही आपला एक हत्ती उंटासाठी सोडून दिला आणि एकेचाळिसाव्या खेळीला डाव बरोबरीत सुटला.

फलकावर नोंद झाली ती केवळ अर्ध्या गुणाची. ती वाचणाऱ्यास या डावात काही विशेष घडले असे वाटणार नाही. शांत खेळाचे मर्म जाणायचे, तर पाहणाऱ्याने आपले प्रश्न बदलावे लागतात. या खेळीने कोणते मोहरे मारले, असे न विचारता प्रतिपक्षाची कोणती खेळी आता अशक्य झाली, असे विचारावे. कोणते मोहरे किती मोलाचे, याऐवजी ते उभे आहे त्या घरात किती कामाचे, हे पाहावे. कोंडलेल्या हत्तीपेक्षा मध्यावर ठाण मांडलेला घोडा अधिक मोलाचा ठरतो, हे एकदा उमगले, की पेट्रोस्यानच्या निःशब्द भासणाऱ्या डावांना वाचा फुटते.

अर्थात त्याच्यावरील सारेच आक्षेप निराधार नव्हते. १९६२ साली क्युरासाव बेटावरील स्पर्धा त्याने २७ डावांत एकही न हरता जिंकली. परंतु तो, केरेस आणि गेलर या तिघांनी आपसांतील बाराही डाव बरोबरीत सोडवले. त्यावर बॉबी फिशरने जाहीर आरोप केले आणि पुढे आव्हानवीर निवडण्याची पद्धतच बदलली. सावधपणा आणि केवळ जोखीम टाळणे यांतील सीमारेषा पेट्रोस्यानलाही नेहमी पाळता आली नाही.

मात्र त्याच्यापाशी धार नव्हती, असे म्हणणे इतिहासाला धरून नाही. १९६३ मध्ये मॉस्कोत बोट्विन्निकविरुद्ध पहिलाच डाव तो हरला. तरी २२ डावांअखेर पाच विजय, दोन पराभव आणि पंधरा बरोबऱ्या असा हिशेब जमवून तो जगज्जेता झाला. १९६६ मध्ये स्पास्कीविरुद्धच्या दहाव्या डावात तर त्याने सरळ वजीरच राजापुढे ठेवला आणि स्पास्कीने हार मान्य केली. आव्हानवीराला हरवून जगज्जेतेपद राखण्याची ही १९३४ नंतरची पहिलीच वेळ होती. तीन वर्षांनी स्पास्कीनेच त्याच्याकडून ते पद हिरावून घेतले.

१३ ऑगस्ट १९८४ रोजी मॉस्कोत त्याचे निधन झाले. येरेवानमधील बुद्धिबळभवनाला आज त्याचे नाव आहे, आणि २०११ पासून आर्मेनियाच्या शाळांत बुद्धिबळ हा सक्तीचा विषय झाला आहे. तेथील मुले त्याच्या वजिराच्या बलिदानाने हरखून जात असतील, यात नवल नाही. परंतु हत्ती एकच घर का सरकला, हे ज्याला स्वतः पटावर मांडून कळेल, त्याला पेट्रोस्यान कळला असे म्हणावे.