पाय टेकला की एक गुण

निवृत्तीला सहा महिने उरले म्हणजे परमुलखातल्या मराठी अधिकाऱ्याच्या घरी सामानाची मोजदाद सुरू होते. आमच्या एका स्नेह्यांकडे ती पुस्तकांच्या पेट्यांपासून निघून अंगणातल्या बुलेटपाशी येऊन अडली. चाळीस वर्षांपूर्वीची ही साडेतीनशेची गाडी प्रत्येक बदलीबरोबर रेल्वेच्या पार्सलच्या डब्यातून त्यांच्यामागोमाग हिंडलेली. चिरंजीवांचे म्हणणे, "बाबा, आता ती तुम्हांला डोंगरात झेपायची नाही, विका आणि एखादी हलकी घ्या." स्नेह्यांचे म्हणणे, गाडीची परीक्षा न घेता तिला नापास कसे करावे?

म्हणून गेल्या आश्विनात एका रविवारी आम्ही तिघे देहरादूनजवळ मालदेवतापाशी सोंग नदीच्या पात्रात उतरलो. पाऊस सरला होता आणि पाण्याने नवे गोटे आणून टाकले होते. एक ती बुलेट. दुसरी २०१६ साली आलेल्या हिमालयन जातीची, ४११ घनसेंटिमीटरची. तिसरी वनखात्यातल्या एका तरुण अधिकाऱ्याची एक्सपल्स, २०१९ साली निघालेल्या दोनशेच्या मालिकेतली. परीक्षेचे नियम मात्र आम्ही स्कॉटलंडातून आणले होते.

मोटारसायकलची परीक्षा म्हटली की वेगाचेच चित्र डोळ्यांपुढे येते. पण डोंगरी वाटांच्या गाड्यांची जुनी परीक्षा वेगाची नव्हेच. एडिंबरोच्या मोटारसायकलवाल्यांनी १९०९ च्या सुमारास हायलँडच्या डोंगरांत जी चाल पाडली आणि जी पुढे सहा दिवसांची स्कॉटिश ट्रायल म्हणून प्रसिद्धीस आली, तिच्यात ओढ्याचा किंवा खडकाळ चढाचा एक तुकडा दोऱ्यांनी आखून देतात आणि कडेला परीक्षक उभा राहतो. स्वार न थांबता, पाय न टेकता पार झाला तर शून्य. एकदा पाय टेकला तर एक गुण दंड, पुनःपुन्हा टेकीत गेला तर तीन, थांबला किंवा पडला तर पाच. सर्वांत कमी दंड ज्याचा, तो विजयी. किती लवकर गेला हे त्या दोऱ्यांच्या आत कोणी विचारीत नाही. सरकारी नोकरीत मुरलेल्या माणसाला ही गुणदानाची पद्धत ओळखीची वाटली तर नवल नाही.

याच परीक्षेच्या गोटातून आपली बुलेट पुढे आली आहे, हे तिच्या मालकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. दुसऱ्या महायुद्धानंतर बहुतेक ब्रिटिश गाड्यांचे मागचे चाक चौकटीला ताठ जखडलेले असे. स्प्रिंग फक्त बसणाऱ्याच्या खाली. रॉयल एनफील्डच्या रेडिच येथील कारखान्याने मागचे चाक एका झुलत्या दुभंगी दांड्यावर बसविले व दोन्ही बाजूंस धक्के शोषणाऱ्या नळ्या दिल्या. ट्रायलच्या जाणत्यांनी नाके मुरडली. असे हलते चाक दगडावर पकड धरणार नाही, असे त्यांचे मत होते. वाद तोंडाने मिटणारा नव्हता. १९४८ साली इटलीत सान रेमो येथे आंतरराष्ट्रीय सहा दिवसांची ट्रायल झाली. तीत ब्रिटिश संघ विजयी झाला, आणि त्या संघात चार्ली रॉजर्स व व्हिक ब्रिटन या दोघांनी नव्या बुलेटवर सुवर्णपदके मिळविली. पुढे १९५२ मध्ये व्हिकचे चिरंजीव जॉनी ब्रिटन यांनी बुलेटवरच स्कॉटिश ट्रायल जिंकली. ती गाडी स्पर्धेसाठी खास घडविलेली होती, हे खरे. पण जो झुलता दांडा हास्यास्पद ठरला होता तो आज कोणत्या गाडीला नसतो?

यानंतरची गोष्ट अधिक कठोर आहे. सॅमी मिलर हा आयर्लंडचा स्वार एरियल कंपनीच्या पाचशेच्या गाडीवर ट्रायलमागून ट्रायल जिंकीत होता. कंपनीने मात्र १९५९ मध्ये फोर-स्ट्रोक गाड्यांतून अंग काढून घेतले. मिलरने आपल्या गाडीतले पोलाद जागोजागी काढून हलके धातू घातले, आणि ती सुमारे २४५ पौंडांवर आणली. एका माणसाने घरी बसून जे केले ते मोठमोठ्या कारखान्यांना का सुचू नये, हे कोडे आम्हांला अजून सुटलेले नाही. अखेर १९६४ साली तो बार्सिलोनाला बुल्टाको कंपनीकडे गेला आणि तिथल्या टेकड्यांवर अवघ्या काही दिवसांत, चालवून पाहा, बदला, पुन्हा चालवा, असे करीत शेर्पा नावाची टू-स्ट्रोक गाडी त्याने उभी केली. तिचे इंजिन एरियलच्या निम्मे आणि वजन दोनशे पौंडांच्या आसपास. १९६५ ची स्कॉटिश ट्रायल त्याने तिच्यावर जिंकली. परीक्षकाने दोऱ्यांच्या आत दिलेला हा निकाल ब्रिटिश कारखान्यांनी वाचला, पण मनावर घेतला नाही. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला.

बुलेट मात्र तोवर समुद्र ओलांडून आली होती. आपल्या सरकारने १९५० नंतरच्या पहिल्याच वर्षांत सीमेवरील गस्तीसाठी ती पसंत केली, १९५५ मध्ये मद्रासला एनफील्ड इंडिया उभी राहिली, आणि मायभूमीत संपलेली गाडी इथे पिढ्यान् पिढ्या निघत राहिली.

पुन्हा सोंगच्या पात्राकडे वळू. आम्ही सहा तुकडे आखले. दोऱ्यांऐवजी चुन्याची फक्की. सकाळचा निम्मा गोंधळ पायांचाच झाला, कारण जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्याशी, इतर दोघींचे उलट. एकीवरून उतरून दुसरीवर बसलेला स्वार ब्रेक म्हणून गिअर दाबी. हे दंड स्वाराच्या नावावर लिहिले, गाडीच्या नव्हे.

दुपारपर्यंत एक गोष्ट स्पष्ट झाली, आणि ती आमच्या अपेक्षेची नव्हती. आम्ही समजत होतो की जड ती हरणार. वजनाने सर्वांत भारी हिमालयन. जुनी बुलेट तर एक्सपल्सच्या जवळपासची. तरी बुलेटला चौदा गुण दंड, हिमालयनला नऊ, एक्सपल्सला चार. डोक्याएवढ्या गोट्यावरून जाताना नव्या दोन्ही गाड्यांची चाके वीतभर वरखाली होत. बुलेटचे मागचे चाक चार बोटे हाले, मग सारा धक्का चौकटीतून कमरेत येई, आणि पाय आपोआप खाली जाई. पोटाखालून जमीनही तिला जवळ. सान रेमोला जी गाडी चाकाच्या हालचालीमुळे जिंकली, ती सत्तराहून अधिक वर्षांनी त्याच कारणाने मागे पडत होती.

स्नेह्यांनी गुणांचा तक्ता दोनदा तपासला. चौथ्या तुकड्यातला एक दंड आम्ही त्यांना माफ करू पाहत होतो. तो त्यांनी स्वतःच्या हाताने पुन्हा लिहिला. "टेकला होता," ते म्हणाले, "मला ठाऊक आहे ना." तरुण अधिकाऱ्याने, "काका, गाडी आवडली तर दोन दिवस ठेवा," म्हणून एक्सपल्सची किल्ली पुढे केली, ती त्यांनी खिशात घातली. हलकी गाडी घ्यायची, हे ठरले.

परतताना मात्र डांबरी सडकेवर बुलेट त्यांनीच चालविली. संधिप्रकाशात तिचा ठोका पुढे ऐकू येत होता, आणि आम्ही दोघे अंतर राखून मागे येत होतो.