कॅथरिन दुसरी : राजवट आणि व्यक्तिचित्रे

रशियावर १७६२ ते १७९६ अशी चौतीस वर्षे राज्य करणारी सम्राज्ञी कॅथरिन दुसरी ही जन्माने रशियन नव्हती. १७२९ मध्ये स्टेटिन (आजचे पोलंडमधील श्चेचिन) येथे एका छोट्या जर्मन राजघराण्यात जन्मलेली ही राजकन्या १७४५ मध्ये रशियाच्या युवराजाशी विवाहबद्ध झाली. पुढे हाच पती पीटर तिसरा म्हणून गादीवर आला आणि काही महिन्यांतच, रक्षक पलटणींच्या साहाय्याने, तिने त्याला पदच्युत केले. सिंहासनावर तिचा वारसाहक्क नव्हता. आपला अधिकार लोकांच्या डोळ्यांना पटवून देण्याची गरज तिला त्यामुळेच भासली आणि हे काम तिने कलावंतांकडून करवून घेतले.

डॅनिश चित्रकार एरिकसेन याच्या चित्रात ती पलटणीच्या पुरुषी गणवेशात, हाती उपसलेली तलवार घेऊन पांढऱ्या घोड्यावर स्वार आहे. सत्तांतराच्या दिवसाचीच ही आठवण. फ्रेंच शिल्पकार फाल्कोने याने घडवलेला पीटर द ग्रेटचा अश्वारूढ पुतळा १७८२ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये उभा राहिला. त्याच्या शिलेवर ‘पहिल्या’ पीटरबरोबर ‘दुसऱ्या’ कॅथरिनचे नावही कोरलेले आहे. रक्ताचे नाते नसताना वारसा सांगण्याची ही युक्ती चतुर म्हणावी लागेल.

या साऱ्यांत महत्त्वाचे चित्र लेवित्स्कीचे. १७८० च्या दशकात रंगवलेल्या या चित्रात कॅथरिन न्यायदेवतेच्या मंदिरात उभी आहे. मस्तकी राजमुकुटाऐवजी लॉरेलच्या पानांचा मुकुट, पायांशी कायद्याचे ग्रंथ, आणि वेदीवर जळणारी अफूची फुले. अफू हे निद्रेचे प्रतीक. प्रजेसाठी राणी आपली झोपही होमात टाकते, असा त्याचा अर्थ. चित्र देखणे आहे. पण ते किती खरे मानायचे? माँतेस्क्यूच्या विचारांच्या आधारे तिने कायदेसंहितेसाठी ‘नकाझ’ ही मार्गदर्शिका लिहिली आणि १७६७ मध्ये विधी आयोग बोलावला, हे खरेच. मात्र त्याच वर्षी निघालेल्या फर्मानाने भूदासांना जमीनदाराविरुद्ध थेट सम्राज्ञीकडे दाद मागण्यास मनाई केली. १७७३ मध्ये पुगाचोव्ह स्वतःला पीटर तिसरा म्हणवत उभा राहिला, तेव्हा असंख्य शेतकरी त्याच्यामागे गेले. १७७५ मध्ये त्याला मॉस्कोत देहदंड झाला. भूदासपद्धती कायम राहिली.

हर्मिटाज संग्रहाचा आरंभ (१७६४), क्रिमियाचे विलीनीकरण (१७८३) आणि पोलंडची तीन वेळा झालेली फाळणी याच राजवटीतील. विसाव्या शतकातील चित्रपटांना मात्र यापेक्षा तिच्या प्रियकरांतच अधिक रस वाटला. मार्लीन डीट्रिशची भूमिका असलेला स्टर्नबर्गचा १९३४ चा चित्रपट हे त्याचे ठळक उदाहरण.

बोरोविकोव्स्कीने १७९४ मध्ये रंगवलेली पासष्टीची कॅथरिन अगदी निराळी आहे. त्सारस्कोये सेलोच्या उद्यानात, निळसर अंगरखा घालून, हातात काठी आणि सोबत कुत्रा घेऊन ती फेरफटका मारते आहे. १८२७ मध्ये उत्किनने केलेल्या मुद्राचित्रामुळे हे रूप सर्वदूर पोहोचले. पुश्किनच्या ‘कप्तानाची मुलगी’ (१८३६) या कादंबरीत नायिका माशाला उद्यानात भेटणारी, तिने न ओळखलेली प्रेमळ बाई याच चित्रातून उतरल्यासारखी वाटते. माशाची विनवणी ऐकून ती तिच्या वाग्दत्त वराला माफी देते. माशा अर्थात सैन्यातील अधिकाऱ्याची कन्या होती. जमीनदाराची तक्रार घेऊन एखादी भूदास मुलगी तिथे आली असती, तर १७६७ च्या फर्मानानुसार तीच गुन्हेगार ठरली असती.