ब्रह्मपुरीचा सागरदेव

कोल्हापुरात पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे. तिच्या पोटात सातवाहनकालीन वस्ती गाडलेली होती. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया व दीक्षित यांनी येथे उत्खनन केले आणि विटांची घरे उजेडात आली.

याच टेकडीने कांस्यवस्तूंचा एक साठाही दिला. त्यात हत्तीच्या पाठीवर दाटीने बसलेली माणसे आहेत, ती अस्सल इथलीच. पण सोबत उभा आहे पोसायडन, ग्रीकांचा सागरदेव! उंची वीतभरही नाही.

सह्याद्री ओलांडून हा समुद्राचा देव नदीकाठी आला कसा? तेव्हा पश्चिम किनाऱ्याचा रोमन जगाशी व्यापार भरात होता. कोकणच्या बंदरांतून घाट चढणाऱ्या एखाद्या तांड्याबरोबर तो आला असावा, हेच सर्वाधिक संभवते. मूर्ती आज कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे.