क्लचचे ऑइल घटले की गळती शोधा!

अकोटहून अंजनगाव सुर्जी आणि परतवाडामार्गे जाणारा रस्ता सुमारे १,१०० मीटर उंचीवरील चिखलदऱ्याच्या घाटाला मिळतो. या वाटेवरील बहुतांश मोटारसायकलींचा क्लच आजही तारेचाच असतो. मात्र काही मोठ्या, महागड्या मोटारसायकलींचा क्लच द्रवाच्या दाबावर, म्हणजेच हायड्रॉलिक पद्धतीने चालतो. तार तुटली तर गावातही दुसरी मिळते. ऑइलच्या गळतीचे तसे नसते. ही गळती घाट चढण्यापूर्वीच ओळखणे आवश्यक ठरते.

कार्य कसे चालते?

हँडलच्या डाव्या बाजूस छोटी टाकी व मास्टर सिलिंडर असतो. क्लच दाबताच त्यातील दट्ट्या ऑइल ढकलतो. हा दाब नळीतून इंजिनाजवळच्या स्लेव्ह सिलिंडरपर्यंत पोहोचतो आणि क्लचप्लेटा विलग होतात. ऑइल कमी होऊन नळीत हवा शिरली, की हवा दाबली जाते आणि प्लेटा पूर्ण सुटत नाहीत. परिणामी क्लच मऊ लागतो, गिअर अडतात, न्यूट्रल सापडत नाही आणि क्लच दाबूनही गाडी पुढे सरकते.

ब्रेकचा नियम येथे लागू नाही

डिस्क ब्रेकचे पॅड झिजले की टाकीतील ऑइलची पातळी उतरते. ते स्वाभाविक असते. क्लचचे नेमके उलट आहे. प्लेटा झिजतात तशी पातळी किंचित वर चढते. त्यामुळे क्लचच्या टाकीतील पातळी घटत असेल, तर ते झिजेचे लक्षण समजू नये, गळतीच शोधावी. वरून ऑइल भरत राहणे हा उपाय नव्हे.

गळती कुठे शोधावी?

* क्लचच्या दांड्यामागील रबरी टोपी ओली असल्यास मास्टर सिलिंडरचे सील गेलेले असते.
* नळीच्या दोन्ही टोकांच्या बोल्टखालील वायसर तपासावेत. ते प्रत्येक वेळी नवेच बसवावेत.
* स्लेव्ह सिलिंडर अनेक गाड्यांत पुढच्या चेन-चक्राजवळ असतो. तेथील ओल चेनच्या तेलात व काळ्या मातीच्या चिखलात लपते, इंजिन ऑइल गळते असे वाटते आणि रोग रेड्याला, औषध पखालीला अशी गत होते. गळणारे थेंब पाण्यात टाकून पाहावेत. डॉट ४ ऑइल पाण्यात मिसळते, इंजिन ऑइल तरंगते.

ऑइल कोणते?

टाकीच्या झाकणावर लिहिलेलेच ऑइल वापरावे. बहुतेक गाड्यांना डॉट ४ लागते, तर काही युरोपीय गाड्यांच्या क्लचला खनिज तेल. एकाच्या जागी दुसरे घातल्यास रबरी सील फुगून निकामी होतात. डॉट ४ हवेतील ओलावा शोषते. नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, त्यात ३.७ टक्के पाणी मुरल्यास त्याची किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. म्हणून बराच काळ उघडा राहिलेला डबा वापरू नये आणि साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलावे. ते रंग खाते. सांडल्यास ताबडतोब भरपूर पाण्याने धुवावे.

दुरुस्ती

सील किट बदलल्यानंतर हवा काढावी लागते. टाकी भरलेली ठेवून क्लच काही वेळा दाबावा व दाबून धरावा, स्लेव्ह सिलिंडरवरील निपल किंचित सैल करून बुडबुडे जाऊ द्यावेत आणि निपल घट्ट केल्यावरच क्लच सोडावा. बुडबुडे थांबेपर्यंत हे करावे. बाहेर आलेले ऑइल पुन्हा टाकीत ओतू नये. डिस्क ब्रेकची हवा काढणाऱ्या कारागिराला ही रीत परिचित असते.

वाटेत क्लच बसल्यास तो भराभर दाबून तात्पुरता दाब मिळू शकतो. त्या भरवशावर घाट चढू नये. गाडी टेम्पोत चढवून नेणे श्रेयस्कर. दुरुस्तीनंतर गाडी रात्रभर उभी ठेवून खाली कोरा कागद अंथरावा. सकाळी कागद कोरडा व पातळी कायम असेल, तरच चिखलदऱ्याकडे निघावे.