गंडमाळेपासून लिम्फोमापर्यंत : लसिका ग्रंथींच्या कर्करोगाची ओळख व नामकरण – एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

मानेत, काखेत किंवा जांघेत येणारी गाठ आपल्या समाजाला अपरिचित नाही. मानेवरच्या अशा गाठींना मराठीत गंडमाळ म्हणतात आणि त्यांचा संबंध बहुधा क्षयाशी जोडला जातो. त्याच ठिकाणी उद्भवणाऱ्या लसिका ग्रंथींच्या कर्करोगाला स्वतंत्र नाव मिळण्यास मात्र एकोणिसावे शतक उजाडावे लागले. हा आजार क्षयापासून वेगळा कसा ठरला व त्यास आजची नावे कशी मिळाली, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्राचीन विवेचन

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील अकराव्या अध्यायात ग्रंथी, अपची, अर्बुद व गलगंड यांचे एकत्र विवेचन आढळते. अपचीच्या काही गाठी पिकून फुटतात, तर काही नव्याने उद्भवतात; अर्बुद मात्र खोल रुजते, सावकाश वाढते व पिकत नाही. अपची म्हणजे क्षय आणि अर्बुद म्हणजे कर्करोग असे सरळ समीकरण मांडणे योग्य ठरणार नाही. तथापि गाठ पिकते की नाही, या निरीक्षणावरून रोगभेद करण्याची दृष्टी त्यात निश्चितच दिसते.

हॉजकिन ते रीड

लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील थॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये लसिका ग्रंथी व प्लीहा वाढलेल्या सात रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. ते शवविच्छेदनात उघड्या डोळ्यांना दिसलेल्या बदलांवर आधारलेले होते. त्याच रुग्णालयातील सॅम्युअल विल्क्स यांनी १८६५ मध्ये या आजारास हॉजकिन यांचे नाव दिले. पुढे १८७१ मध्ये बिलरोथ यांनी ‘मॅलिग्नंट लिम्फोमा’ ही संज्ञा वापरली, तर १८९३ मध्ये कुंड्राट यांनी ‘लिम्फोसार्कोमा’ हा वेगळा रोग म्हणून मांडला.

कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचे जंतू शोधल्यानंतर जुना प्रश्न नव्या रूपात पुढे आला. कार्ल स्टर्नबर्ग यांनी १८९८ मध्ये हॉजकिन रोगातील विशिष्ट महापेशींचे वर्णन केले. परंतु हा क्षयाचाच एक निराळा प्रकार होय, असे त्यांचे मत होते. १९०२ मध्ये डोरोथी रीड यांनी त्याच पेशींचा अभ्यास करून हा आजार क्षय नसल्याचे प्रतिपादन केले. ‘रीड-स्टर्नबर्ग पेशी’ या नावात परस्परविरोधी मतांचे दोन अभ्यासक एकत्र आले आहेत. या पेशी प्रामुख्याने बी-लसिकापेशींपासून उद्भवतात, हे १९९० च्या दशकात जनुकीय तपासणीने सिद्ध झाले. त्यामुळे २००१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ‘हॉजकिन रोग’ ऐवजी ‘हॉजकिन लिम्फोमा’ हे नाव रूढ झाले.

इतर लिम्फोमांच्या बाबतीत रॅपापोर्ट, कील (१९७४), वर्किंग फॉर्म्युलेशन (१९८२) व रिअल (१९९४) अशी वर्गीकरणे एकामागून एक आली. २०२२ मध्येही दोन समांतर वर्गीकरणे प्रसिद्ध झाली.

महाराष्ट्रातील वाटचाल

मेहरबाई टाटा यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ १९३२ मध्ये त्याच रोगाच्या संशोधनासाठी न्यास स्थापन झाला आणि १९४१ मध्ये मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सांभाळली. गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच रोगाचे नाव ठरवण्याच्या शास्त्राला त्यांच्या कार्यामुळे भारतात भक्कम पाया लाभला. १९६३ मध्ये मुंबईत लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी सुरू झाली, तर १९८७ मध्ये बार्शी येथे ग्रामीण नोंदणीस प्रारंभ झाला. नोंदणीत रोग मोजला जातो तो नावाने. निदान न झालेला रुग्ण कोणत्याच रकान्यात येत नाही.

समारोप

स्टर्नबर्ग यांना पडलेला पेच आजही संपलेला नाही. ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे व मानेतील गाठ ही लक्षणे क्षय आणि लिम्फोमा या दोन्हींत दिसतात. क्षयाचे प्रमाण अधिक असलेल्या आपल्या देशात तुकडा न तपासता क्षयाची औषधे सुरू झाली, तर लिम्फोमाच्या रुग्णाचे बहुमोल महिने वाया जातात. हॉजकिन लिम्फोमा वेळीच ओळखल्यास बहुतांश रुग्ण बरे होतात, हे लक्षात घेता त्या विलंबाची किंमत कळते. नांदगाव पेठेतील रुग्ण असो वा मुंबईतील, गाठीला योग्य नाव मिळणे ही त्याच्या उपचाराची पहिली पायरी होय.