मधुमेह आणि मूत्रपिंड : एका परीक्षेचा इतिहास

मधुमेहाची ओळख भारतीय वैद्यकाला फार जुनी. ज्या रोग्याच्या मूत्राला मुंग्या लागतात त्याला मधुमेह झाला असें समजावें, ही खूण प्राचीन वैद्यांस ठाऊक होती. इंग्लंडांत थॉमस विलिस यानें १६७४ सालीं मूत्राच्या मधुर चवीची नोंद केली, आणि लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन यानें १७७६ मध्यें मूत्र आटवून त्यांतील साखर दाखविली. रोग ओळखण्याचें काम अशा रीतीनें साधलें. परंतु हाच रोग मूत्रपिंडहि पोखरतो, आणि तेंहि रोग्याला कळूं न देतां, हें उमगण्यास आणखी दीडशें वर्षांहून अधिक काळ लागला.

या इतिहासाचा बराच भाग लंडनच्या गाइज रुग्णालयांत घडला. तेथें रिचर्ड ब्राइट यानें १८२७ सालीं असें दाखविलें कीं, अंगावर सूज आलेल्या ज्या रोग्यांचें मूत्र तापविलें असतां गोठतें, त्यांचीं मूत्रपिंडें बिघडलेलीं असतात. परीक्षा अगदीं घरगुती होती. चमच्यांत मूत्र घेऊन तें मेणबत्तीच्या ज्योतीवर धरावयाचें; त्यांत अल्ब्युमिन असल्यास तें अंड्यांतील पांढऱ्या बलकाप्रमाणें थिजून पांढरें होई. अल्ब्युमिन हें रक्तांतील प्रथिन होय. मूत्रपिंडांतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे गुच्छ गाळणीचें काम करतात आणि तें रक्तांतच राखतात. गाळणी बिघडली म्हणजे तें पाझरूं लागतें. पण चमच्यांत दिसण्याइतकें अल्ब्युमिन जाऊं लागे, तोंवर गाळणीचें पुष्कळ नुकसान होऊन गेलेलें असे.

मधुमेही मुलांच्या बाबतींत हा प्रश्न पुष्कळ दिवस उपस्थितच झाला नाहीं. कारण तीं मुलें तितकीं जगतच नसत. १९२२ च्या जानेवारींत टोरांटो येथें लेनर्ड टॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला इन्शुलिन टोंचण्यांत आलें, आणि त्यानंतर मरणाच्या दारीं पोंचलेलीं मुलें शाळेंत परत जाऊं लागलीं. तथापि पुढें पंधरा-वीस वर्षांनीं, ऐन तारुण्यांत, त्यांपैकीं कित्येकांचीं मूत्रपिंडें निकामी होऊं लागलीं. बोस्टनमध्यें किमेलस्टील व विल्सन या दोघांनीं १९३६ सालीं मधुमेह्यांच्या मूत्रपिंडांतील विशिष्ट गांठींचें वर्णन केलें. परंतु ही ओळख शवविच्छेदनांतून झालेली होती. तिचा लाभ खुद्द त्या रोग्यांस होणें शक्य नव्हतें.

जें चमच्यांत दिसत नाहीं, तें मोजावयाचें कसें? याचें उत्तरहि ब्राइटच्याच रुग्णालयांत मिळालें. १९६३ सालीं तेथील हॅरी कीन व त्यांचे सहकारी क्लूव्हेराकिस यांनीं किरणोत्सर्गी खूण केलेलें अल्ब्युमिन आणि त्याला नेमकें पकडणारीं प्रतिपिंडें यांच्या साह्यानें अत्यल्प अल्ब्युमिनहि मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. निरोगी माणसाच्या मूत्रांतून दिवसाकाठीं ३० मिलिग्रॅमहून कमी अल्ब्युमिन जातें. नेहमींच्या रंगपट्टीला तें सुमारें ३०० मिलिग्रॅमच्या पुढें गेल्यावरच खात्रीनें कळतें. या दोहोंमधील प्रदेश आजवर अंधारांत होता. तो आतां दिसूं लागला.

त्या प्रदेशाचा अर्थ मात्र काळानेंच सांगितला. इन्शुलिनवर असलेल्या ज्या मधुमेह्यांचें मूत्र गाइजमध्यें १९६६-६७ च्या सुमारास तपासलें होतें, त्यांपैकीं हयात असलेल्या ६३ जणांना चौदा वर्षांनीं पुन्हां तपासण्यांत आलें. व्हिबर्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८२ सालीं निष्कर्ष जाहीर केला. आरंभीं ज्या ८ जणांचें अल्ब्युमिन किंचित् वाढलेलें होतें, त्यांपैकीं ७ जणांना उघड मूत्रपिंडविकार जडला होता. उरलेल्या ५५ जणांपैकीं केवळ दोघांना. डेन्मार्कमधील संशोधकांनाहि त्याच सुमारास असाच अनुभव आला.

पुढें काय होणार हें कळलें, पण तें टाळतां येईल काय? अमेरिका व कॅनडा येथील १३ ते ३९ वर्षांच्या १,४४१ मधुमेह्यांवरील दीर्घ प्रयोगाचा निकाल १९९३ सालीं लागला. रक्तांतील साखर काटेकोरपणें ताब्यांत ठेवल्यास अल्ब्युमिनची ही पहिली वाढ होण्याचा धोका ३९ टक्क्यांनीं घटतो, असें त्यांत ठरलें. त्याच वर्षीं कॅप्टोप्रिल या रक्तदाबावरील औषधानें मूत्रपिंडाचा ऱ्हास मंदावतो असें सिद्ध झालें. २००३ सालीं बोस्टनहून आणखी धीर देणारी वार्ता आली : वाढलेलें अल्ब्युमिन निम्म्याहून अधिक रोग्यांत पुन्हां कमी झालें होतें. पहिली वाढ ही सूचना होय, शिक्षा नव्हे.

म्हणूनच इन्शुलिनवर जगणाऱ्या मुलाच्या मधुमेहाला पांच वर्षें झालीं, आणि तें दहा वर्षांचें झालें किंवा वयांत येऊं लागलें, म्हणजे दरवर्षीं एकदां ही परीक्षा करावी असा आज संकेत आहे. सकाळचें पहिलें मूत्र त्यासाठीं उत्तम. ताप, मोठा व्यायाम किंवा मासिक पाळी यांनीं आंकडा तात्पुरता वाढतो. म्हणून तीन नमुन्यांपैकीं दोहोंत वाढ आढळल्यावरच निदान पक्कें करतात. प्रौढांत आढळणाऱ्या प्रकारचा मधुमेह लहान वयांत झाल्यास मात्र परीक्षा निदानाच्या वेळींच करावी लागते.

मुलगा खेळतो, अभ्यास करतो, त्याला कोठें दुखत नाहीं. मग तपासावयाचें कशासाठीं, असें घरांतील वडीलधाऱ्यांना वाटणें स्वाभाविक आहे. पण दुखूं लागेपर्यंत थांबणें म्हणजे ब्राइटच्या चमच्यापाशींच थांबणें होय. मूत्रपिंड तक्रार करीत नाहीं. त्याची पहिली कुजबुज ऐकण्याचें साधन मिळवावयाला सुमारें दीड शतक खर्ची पडलें, आणि तें आतां एका बाटलीभर मूत्राच्या मोलानें हातीं आलें आहे.